तुळईखालची शिवरात्र

कडब्यानं भरलेला ट्रक खालच्या रस्त्यानं गेला की जालन्यातल्या आमच्या या तिसऱ्या मजल्यावरसुद्धा शाळूचा वास येतो. माघ उतरणीला लागलेला असतो. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा. शेजारची सून दारातून सांगून जाते, ‘काकू, हवा बदलून राह्यली, जपा.’ मी हो म्हणते. या दिवसांत मला सर्दी-खोकला काही होत नाही. मला दुसरंच होतं. बसल्या जागेवरून मी वर बघत राहते. पांढरं, सपाट, मधोमध पंखा लटकवलेलं साधं सिमेंटचं छत. त्यात काही नाही हे ठाऊक असतं, तरी नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन येते. नोकरीत होते तेव्हाही असंच. नव्या कचेरीत बदली झाली की बाकीच्या बाया आधी खिडकी कुठं, पंखा कुठं ते बघत. मी तुळया बघायची. लग्नकार्यात मला कापडाच्या मांडवाखालीच बरं वाटतं. कापड पडलं तर पडलं.

ही सवय मला एका माघानं लावली. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन काही वर्षं झाली होती. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, साडी नेसायच्या वयाला टेकलेली.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, सरकारदरबारची मोठी कामं औरंगाबादला चालत. गाव फार जुनं. किती जुनं ते कुणालाच धड सांगता येत नसे, पण नांगराच्या फाळाला मातीचे मणी लागत, हातात न मावणाऱ्या विटा लागत, आणि परसात खड्डा खणला तर कोरीव दगड निघे. त्याचं कुणाला नवल नव्हतं. कुणाच्या उंबऱ्याला नर्तकीचा निम्मा पाय होता, कुणाच्या गोठ्यात कोरीव खांबाच्या तुकड्याला म्हैस बांधलेली असे. नदीवरच्या धुण्याच्या दगडावर हंसांची रांग होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लुगड्यांनी घासून ती इतकी पुसट झाली होती की बोटांनीच कळायची.

आणि गावाच्या उगवतीला काळं देऊळ, महादेवाचं. हेमाडपंती म्हणतात तसलं, चुन्याचा थेंबही न घालता दगडावर दगड बसवून उभं केलेलं. शेजारी पायऱ्यांची बारव. देवळाचा मंडप चारी बाजूंनी बंद, दार एकच. उन्हातून आत पाऊल टाकलं की थोडा वेळ काहीच दिसायचं नाही. आधी थंडावा लागायचा, मग तेलाचा आणि सुकलेल्या बेलाचा वास यायचा, आणि मग अंधारातून एकेक खांब उभा राहायचा. खांबांच्या माथ्यावर गाल फुगवलेले, ढेरपोटे कीचक. दोन्ही हात वर करून त्यांनी दगडी तुळया तोलून धरलेल्या. त्यातला एक मला हसतोय असं वाटायचं. माय म्हणायची, हसत न्हाई तो, ओझ्यानं तोंड वाकडं झालंय त्याचं.

माझे वडील त्या देवळाचे गुरव. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गाव सखाराम म्हणे. पहाटे बारवेचं पाणी, मग बेल, मग दिवा, सुगीत खळ्याखळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य आणायचं, असं त्यांचं आयुष्य. बोलणं कमी. देवळातही मंत्र पुटपुटतच म्हणायचे, जणू कुणी झोपलंय.

त्यांच्या उलट नाना देशमुख. आवाज असा की नदीपलीकडच्या गड्याला इकडून हाक मारावी. दोघं एका वयाचे, एकाच बारवेत पोहायला शिकलेले. तरी आबा त्यांना अहो-जाहो करत आणि ते आबांना अरे-तुरे, कारण ते देशमुख होते. मोगलाईच्या शेवटाला रझाकारांच्या भीतीनं देवळातला चौघडा बंद पडला होता. नाना तेव्हा तुरुंगात होते. तिथं त्यांनी नवस बोलला की जिवंत सुटलो तर महादेवाचा चौघडा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या उंचावरून वाजवीन. ते सुटून आले ते हाडांचा सापळा होऊन. अंगात बळ येताच त्यांनी मंडपाच्या छपरावर विटांचा नगारखाना उभा केला. जाड भिंती, वर कमान, कमानीत दोन मोठे नगारे. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा मी मायबरोबर कापसाच्या शेतात होते. बाया वेचायच्या थांबल्या. एकीनं पदरानं डोळे पुसले, मग दुसरीनं. एवढी वर्षं गाव दबून बोलत होतं, आणि आता ते मोठ्यानं श्वास घेत होतं. त्या नगारखान्याविरुद्ध पुढं कुणी बोलेल, आणि तेही माझे वडील, असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

त्या माघात आबांना नंदीच्या पाठीवर भुकटी दिसू लागली. राखाडी, पिठासारखी. पुसली तरी सकाळी पुन्हा असायची. माय म्हणाली, पाकोळ्या असतील, चिमण्या असतील. आबांनी समई उंच धरली. नंदीच्या बरोबर वर, दोन खांबांवर टेकलेल्या तुळईला खालच्या अंगानं एक रेघ होती, केसासारखी. आबांनी मला बोलावलं, माझी नजर चांगली म्हणून. मी म्हटलं, रेघ आहे. ते म्हणाले, जुनी का नवी? मला काय कळणार. त्यांनाही कळत नव्हतं. त्यांनी शिडी लावली, पानाच्या डबीतला चुना घट्ट कालवला आणि बोटानं त्या रेघेवर आडवी पट्टी ओढली.

चुना वाळला. दोन दिवस पट्टी अखंड होती आणि आबा जेवताना माझ्या धाकट्या भावाशी खेळले. तिसऱ्या सकाळी मी बेलाची पाटी घेऊन आत गेले तर ते शिडीवर उभे होते, नुसते उभे. पट्टी मधोमध तडकली होती.

त्यानंतरचे दिवस मला एका लांब श्वासासारखे आठवतात, आत घेतलेला आणि सोडायचा राहिलेला. बाहेर सुगी होती. शाळू कापून पडला होता, खळी सारवून झाली होती, दुपारच्या उन्हात कणसांच्या ढिगांवर पाखरं उतरायची, मुलं हुरड्याच्या राहिलेल्या कणसांसाठी भांडायची. सगळं रोजच्यासारखं. आणि आम्ही घरात हळू पावलं टाकत होतो. देवळात गेलं की मी भिंतीकडेनं चालायची. दाराचा आवाज होऊ नये म्हणून आबा बिजागरीत तेल घालायचे. मला शिंक आली तर मी धावत बाहेर यायची.

आबा नानांकडे गेले. नाना लगेच आले, हे सांगायला हवं. टाळाटाळ त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हे देऊळ ज्यांनी बांधलं ते आपल्यासारखे कच्चे गडी नव्हते, माझ्या चार विटांनी त्याला काय होतंय. तरी त्यांनी माणूस धाडून केदारखेड्याकडच्या रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर बोलावला. तो तरुण होता, चष्म्याचा, सभ्य. त्यानं तुळईवर टकटक करून ऐकलं, छपरावर चढून नगारखान्याभोवती फिरला. खाली आल्यावर त्यानं सांगितलं की वरचं वजन उतरवलेलं बरं, खालून लाकडी टेकू दिलेले बरे आणि तोवर आत गर्दी नसलेली बरी. नानांनी विचारलं, पडणार आहे का ते बोला. तो म्हणाला, पडेल असं मी म्हणत नाही आणि पडणार नाही असंही म्हणत नाही. दगडाचं सांगता येत नाही.

त्या उत्तराचे गावानं दोन तुकडे केले आणि ज्याला जो हवा तो त्यानं घेतला.

नाना म्हणाले, शिवरात्र होऊ दे, मग उतरवू. आबांची अडचण नेमकी शिवरात्रीचीच होती. एरवी देवळात दिवसभरात मूठभर माणसं. शिवरात्रीला हसनाबाद, केदारखेडा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून गाड्या येणार, मंडपात तीळ ठेवायला जागा राहणार नाही, बाया लेकरं कडेवर घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या राहणार, आणि वर दिवसभर चौघडा. आबांनी हे नानांना सांगितलं, मग पाटलांना सांगितलं, मग ज्याला त्याला सांगू लागले. न बोलणारा माणूस बोलायला लागला की लोकांना तो भ्रमिष्ट वाटतो. कुणी म्हणालं, सखारामला देशमुखांचं चांगलं बघवत न्हाई. कुणी म्हणालं, रझाकारांना भ्याला न्हाई तो आता दगडाला भ्याला. शाळेत पोरं माझ्यामागून येऊन डोक्यावर हात धरून ‘पडलं, पडलं’ करत पळायची. बारवेवर माय घागर घेऊन उतरली की वरच्या पायरीपर्यंत ऐकू येणारं बोलणं थांबायचं. एका खळ्यावर तर आबांना कुणी धान्यच घातलं नाही. ते रिकामी गोणी घडी करून परत आले आणि ती कोपऱ्यात ठेवली.

त्या संध्याकाळी माय त्यांच्यापुढं बसली. चुलीवर भाकरी तशीच होती.

“तुमचं खरं झालं तरी वाईट आन्‌ खोटं झालं तरी वाईट,” ती म्हणाली. “खरं झालं तर माणसं मरतील. खोटं झालं तर आपल्याला गावात राहणं मुश्कील. मंग कशाला बोलता?”

आबा म्हणाले, “खोटं व्हावं म्हणूनच बोलून राह्यलो.”

आज मी त्या वाक्याशी पुष्कळदा येऊन थांबते. आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिले. आपलं भाकीत खरं ठरावं म्हणून धडपडणारे पाहिले. खोटं ठरावं म्हणून सगळं पणाला लावणारा माणूस मला नंतर भेटला नाही.

शिवरात्रीच्या सकाळी आबांनी पूजा आटोपली, महादेवाचा पितळी मुखवटा डोक्यावर घेऊन बाहेर आणला आणि देवळासमोरच्या लिंबाच्या पारावर मांडला. पुढं समई, बेल, पाण्याचा हंडा. मग ते परत गेले, मंडपाच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून दारात उभे राहिले.

उन्हं चढली तशी गर्दी वाढली. सोडलेल्या गाड्या नदीपर्यंत पसरल्या होत्या. लोक पाराकडे बघत, दाराकडे बघत आणि दाराकडेच सरकत. देव तर आत आहे, हा तर मुखवटा. हसनाबादची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. नातू दुखण्यातून उठला म्हणून त्याला पिंडीपुढं घालायचा होता. ती आबांच्या पायाशी बसली आणि रडू लागली. आबांनी तिला उठवलं, पारापर्यंत हाताला धरून नेलं, आणि तेवढ्यात मागून कुणी दाराला रेटा दिला तेव्हा धावत परत आले. माय आणि मी दाराशेजारी भिंतीला टेकून होतो. तिनं माझं मनगट असं धरलं होतं की बोटं बधिर झाली. लोक आता मोठ्यानं बोलत होते. कुणीतरी म्हणालं की कुलूप दगडानंही निघतं.

आणि वर चौघडा सुरू झाला. नाना येत होते. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, मागं गावातली पाच-सहा जाणती माणसं. गर्दीनं त्यांना वाट दिली. ते आबांच्या इतके जवळ येऊन उभे राहिले की दोघांच्या मध्ये हातभरही जागा उरली नाही.

“सखाराम, दार उघड.”

“नाना, तुम्हाला जायचं तर उघडतो,” आबा म्हणाले. “तुम्ही आन्‌ मी, दोघंच जाऊ. बाया-लेकरं आत सोडणार न्हाई. आधी चौघडा थांबवा.”

“वाजू दे. त्यानंच तुझ्या मनातली भीती जाईल.”

आबांनी क्षणभर मायकडे बघितलं. मग कमरेची किल्ली काढली. गर्दी पुढं लोटली, पण नानांनी नुसता हात वर केला आणि ती जागेवर थांबली. दोघं आत गेले.

मी दाराच्या अगदी कडेला होते, म्हणून मला दिसलं. दारातून उन्हाचा एक पट्टा आत जाऊन नंदीवर पडला होता. त्या पट्ट्यात दोघांच्या पाठी. वर नगाऱ्यावर टिपरी पडे आणि खाली त्या उजेडात बारीक धूळ उतरे. पुन्हा टिपरी, पुन्हा धूळ. तालावर. जसा ठेका जलद झाला तशी धूळही जलद उतरू लागली, जणू छप्पर चाळणी होती आणि वरून कुणी ती हलवत होतं. नाना मान वर करून उभे होते. मग त्यांनी उजवा हात पुढं केला, तीर्थ घ्यायला करतात तसा, आणि तळवा तसाच धरून ठेवला. आबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला वाटतं सगळं बिघडलं असतं.

किती वेळ गेला कोण जाणे. ती दोन माणसं त्या दगडाखाली होती, त्यातलं एक माझं होतं, आणि वर ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते चौघडेवाले रंगात आले होते.

नाना बाहेर आले तेव्हा त्यांच्या फेट्यावर आणि खांद्यांवर राखाडी थर होता. मूठ मिटलेली. उजेडात त्यांचे डोळे मिचमिचले. त्यांनी वर बघून चौघडा थांबवायला सांगितलं, आणि वरच्या लोकांना एकेकानं, उडी न मारता, हळू उतरायला सांगितलं. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला. मग ते गर्दीकडे वळले.

“देव पारावर आलाय,” ते म्हणाले. “दर्शन तिथंच होईल.”

आबांकडे न बघता ते पारावर गेले आणि सगळ्यांच्या आधी मुखवट्यापुढं डोकं टेकलं. मग ती हसनाबादची म्हातारी पुढं झाली. मग बाकीचे.

तुळई पडली नाही. त्या दिवशी नाही, फाल्गुनात नाही, कधीच नाही. चैत्रात नानांनी नगारखाना उतरवायला घेतला. एकेक वीट खाली येईपर्यंत ते उन्हात उभे राहिले, खुर्ची आणली तर बसले नाहीत. जालन्याहून सागाचे ओंडके आणून टेकू दिले. पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारी माणसं आली, त्यांनी लोखंडी खांब लावले, दाराशी निळी पाटी लावली. भेग अजून तशीच आहे. ती तेव्हा वजन उतरवलं म्हणून थांबली का तशीही थांबलीच असती, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, आणि गाव एवढं सोडून देणारं नव्हतं. आबांना लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले, काय सखाराम, पडली का तुझी तुळई? आबा म्हणत, न्हाई पडली, बरं झालं. त्यात टोमणा नसायचा. त्यांना खरंच बरं वाटायचं. मला मात्र लग्न होईपर्यंत त्या प्रश्नाचा राग यायचा. अनर्थ झाला असता तर माझे वडील गावाच्या दृष्टीनं शहाणे ठरले असते, झाला नाही म्हणून ते भित्रे ठरले. जे टळलं त्याचा पुरावा कुठून आणायचा?

नाना सगळा उन्हाळा आमच्याशी बोलले नाहीत. आबा देवळातून येताना त्यांच्या दारावरून येत, ओसरीवर नाना असत, दोघंही दुसरीकडे बघत. हे मला त्या तुळईपेक्षा अवघड गेलं. मग श्रावणातल्या एका दुपारी पावसाची उघडीप होती तेव्हा नाना एकटेच देवळात आले. मी कोपऱ्यात वाती वळत होते. ते नंदीजवळ बसले, वर बघितलं, टेकूवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, “सखाराम, उंचावरून वाजवीन म्हणून नवस बोलल्तो. जमिनीवरून वाजवला तर फिटंल का?”

आबा गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर होते. आमच्या देवळाचा गाभारा मंडपापेक्षा खोल आहे, पिंडीपर्यंत पायऱ्या उतरूनच जावं लागतं.

“देव तर खालीच बसलाय नाना,” ते म्हणाले. “त्याला तिथूनच जास्त ऐकू यील.”

नाना हसले नाहीत. पण उठताना त्यांनी आबांच्या खांद्याचा आधार घेतला. पुढच्या शिवरात्रीला नगारे बारवेच्या काठावर मांडले गेले. आवाज नदीपलीकडे गेला नाही, गावापुरता राहिला.

मी आता त्या दोघांच्याही वयापेक्षा मोठी झाले आहे. घरं बांधणारे, वर मजला चढवणारे, गच्चीत टाक्या बसवणारे लोक मला रोज दिसतात. कुणाला मुलाच्या लग्नासाठी खोली हवी असते, कुणाला वडिलांच्या नावानं काही उभं करायचं असतं. नानांच्या विटांत तर तुरुंगातले दिवस होते, सगळ्या गावाचा सुटकेचा श्वास होता. वजन वाईट हेतूनंच पडतं असं नाही. बहुतेक वेळा ते प्रेमानंच रचलेलं असतं, म्हणून तर ते उतरव म्हणणारा माणूस इतका परका वाटतो.

त्या शिवरात्रीची संध्याकाळ मला दिसते. उन्हं कलल्यावर गाड्या जुंपायला सुरुवात झाली. लोक थोडे नाराजच होते, जत्रेत मजा आली नाही म्हणत होते. बाया रताळी बांधून घेत होत्या, कुणाचं पोर शिट्टीसाठी रडत होतं, कुणाची चप्पल सापडत नव्हती. हसनाबादची म्हातारी गाडीत मागं बसली होती आणि मांडीवर झोपलेल्या नातवाच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. आबा नदीच्या उतारावर उभे राहून प्रत्येक गाडीला वाट करून देत होते. त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा एकेक करत लांब गेल्या, काही केदारखेड्याच्या वाटेनं, काही हसनाबादच्या. आलेलं प्रत्येक माणूस त्या दिवशी आपापल्या घरी जाऊन फराळाला बसलं. त्या वर्षीच्या जत्रेत एवढंच घडलं.